रिकाम्या खोक्यावरचा गरम चहा

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला दिव्यांचं, गाण्यांचं एखादं खेळणं येतं. पहिल्या दिवशी त्याची सगळी बटणं दाबून होतात, दुसऱ्या दिवशीही होतात, आणि आठवडाभरात मूल त्या खेळण्याच्या खोक्यात बसलेलं सापडतं. खोकं कधी घर असतं, कधी गाडी, कधी नुसती लपायची जागा. हे इतक्या घरांत घडतं की आईवडिलांना त्याचं नवलही राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात खेळण्यांचं एक राष्ट्रीय सन्मानदालन आहे. तिथे २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला नामवंत खेळण्यांच्या पंगतीत जागा मिळाली आणि २००८ साली साध्या काठीलाही.

खरं नवल मात्र पुढे आहे. हेच मूल रिकामी वाटी तुमच्यापुढे धरतं, 'चा, गलम' म्हणतं आणि तुम्हाला फुंकर घालायला लावतं. तुम्ही वाटी तोंडाला लावून 'आहाहा' केलंत की खूश होतं. पण खरी तहान लागली की ते त्या वाटीकडे ढुंकूनही बघत नाही, पाण्यासाठी थेट तुमच्याकडे येतं. ज्याला अजून चप्पल उजव्या पायाची की डाव्या, हे कळत नाही, त्याला खरा चहा आणि खोटा चहा यांतला फरक कसा कळतो? कळत असेल तर ते फुंकर इतक्या मनापासून का घालतं?

याचं उत्तर कळलं की घरी पुठ्ठ्याची खेळणी करताना काय हुबेहूब करायचं आणि काय सरळ सोडून द्यायचं, हेही ठरवता येतं. आपण उदाहरण घेऊ गॅसच्या शेगडीचं. आपल्या घरातलं मूल दिवसभर जी वस्तू लांबून बघतं आणि जिला हात लावायची त्याला सक्त मनाई असते, ती हीच.

दोन वह्या

ॲलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक साधी पण अवघड अडचण मांडली. या वयात मूल जगाची ओळख करून घेत असतं. पेला म्हणजे काय, केळं म्हणजे काय, फोन म्हणजे काय, याच्या नोंदी त्याच्या डोक्यात नुकत्या होऊ लागलेल्या असतात. अशात आईने केळं कानाला लावलं आणि 'हॅलो, आजी का?' असं विचारलं, तर मुलाचा गोंधळ उडायला हवा. केळं हा फोनचाच एक प्रकार आहे, अशी चुकीची नोंद पक्की व्हायला हवी. तसं होत नाही. मूल त्या केळ्यावर आजीशी बोलतं आणि थोड्या वेळाने तेच केळं सोलून खातं.

लेस्लींचं म्हणणं असं की लुटुपुटूच्या खेळात मेंदू खऱ्या नोंदीला हात लावत नाही. तो तिची नक्कल काढतो आणि ती नक्कल खऱ्या नोंदींपासून तोडून बाजूला ठेवतो. वाण्याच्या दुकानात रोखीची वही वेगळी असते आणि उधारीची वेगळी. उधारीच्या वहीत पाच किलो तांदूळ लिहिले म्हणून गल्ल्यात पैसे आले, असं वाणी धरून चालत नाही. पण उधारीच्या वहीतली बेरीज-वजाबाकीही तो रोखीइतक्याच काटेकोरपणे करतो. मुलाच्या डोक्यातल्या खोट्या वहीचंही असंच आहे. ती खरीपासून वेगळी असते, पण तिच्यातला हिशेब चोख असतो.

तो किती चोख असतो हे पाहण्यासाठी लेस्लींनी केलेली चाचणी घरीही करून बघता येते. दोन रिकामे पेले ठेवायचे. रिकाम्या बाटलीतून दोन्हींत रस ओतल्याचं नाटक करायचं. मग एक पेला उचलून उपडा करायचा, झटकायचा आणि पुन्हा जागेवर ठेवायचा. आता विचारायचं, 'रिकामा पेला कुठला?' खरं पाहता दोन्ही रिकामेच आहेत. पण सव्वादोन-तीन वर्षांची मुलं उपडा केलेल्या पेल्याकडे बोट दाखवतात. ओतलं की भरतं, उपडं केलं की सांडतं, हे खऱ्या जगाचे नियम खोट्या रसालाही लागू असतात.

मग हे खऱ्या वहीतलं आहे की खोट्या, याचा इशारा मुलाला कोण देतं? बहुतेक वेळा आई, आजी किंवा जो समोर बसला असेल तो, आणि तेही नकळत. अँजेलिन लिलर्ड आणि डेव्हिड विदरिंग्टन या संशोधकांनी २००४ साली दीड वर्षांच्या मुलांच्या आयांचं निरीक्षण केलं. एकदा आईने खरा खाऊ खायचा, एकदा खाल्ल्याचं नाटक करायचं. नाटकाच्या वेळी आया मुलाकडे जास्त बघत होत्या, जास्त हसत होत्या, तोंडाने आवाज काढत होत्या आणि हातांच्या हालचाली झटपट करत होत्या. आपणही मुलासमोर खोटा घास घेताना 'हम्म, मस्त' म्हणतो, डोळे मोठे करतो. कोणी शिकवलेलं नसतं, पण त्यातून मुलाला नेमकं कळतं की आता दुसरी वही उघडली आहे. खेळणं कितीही चांगलं बनवलं तरी ते हे काम करू शकत नाही. म्हणून पुठ्ठ्याची शेगडी कोपऱ्यात ठेवून देण्यापेक्षा पहिले काही दिवस तिच्यापाशी बसून आपणही चहा उकळावा.

काठी घोडा होते, पोस्टकार्ड होत नाही

मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांच्या वाढीच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्यांची मुलगी जॅकलिन सव्वा वर्षाची असताना तिला एक कापड दिसलं. त्याची झालरीची कड तिच्या उशीच्या कडेसारखी होती. तिने ते कापड हातात धरलं, अंगठा तोंडात घातला, कुशीवर आडवी झाली आणि हसू लागली. झोप आलेली नव्हती. झोपेचं नाटक चाललं होतं आणि ते नाटक आहे याची तिला गंमत वाटत होती. १९४५ साली आलेल्या पियाजेंच्या पुस्तकात ही नोंद आहे. खेळणी करणाऱ्यांनी यात लक्षात घ्यावं ते कापडाच्या कडेचं. उशीशी साधर्म्य होतं फक्त झालरीचं. तेवढं पुरलं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी त्याआधीच, १९३३ साली दिलेल्या एका व्याख्यानात, हाच धागा उलगडला होता. लहान मुलाला वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करता येत नाहीत. अर्थ वस्तूला चिकटलेला असतो. तो सोडवून घ्यायला मुलाला काहीतरी आधार लागतो. 'घोडा' हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सोडवायचा तर तो काठीवर बसवावा लागतो. काठीच का? कारण ती दोन पायांत धरून दौडता येते. पोस्टकार्ड लहान मुलासाठी घोडा होऊ शकत नाही, असं ते स्पष्ट म्हणतात. पोस्टकार्डावर घोड्याचं सुंदर चित्र असलं तरी त्यावर बसून पळता येत नाही.

खेळण्यातली कुठली गोष्ट खरी असायला हवी, याची कसोटी इथे सापडते. दिसणं कसं आहे यापेक्षा हात आणि अंग काय करतं, हे आधी बघायचं. शेगडीपाशी मोठी माणसं काय करतात? बटण फिरवतात, भांडं ठेवतात, ढवळतात, भांडं उचलतात. म्हणजे बटण खरंच फिरलं पाहिजे, वरचा पृष्ठभाग भांडं ठेवल्यावर दबता कामा नये, आणि उंची उभ्याने ढवळता येईल अशी हवी. या तीन गोष्टींवर सगळी मेहनत खर्च करावी. बर्नरची भोकं, चकचकीत स्टीलचा कागद, कंपनीचं नाव, शेगडीचा छापील फोटो, यांतलं काहीही नसलं तरी मुलाचं अडत नाही. ती आपली हौस असते.

वयाप्रमाणे यात थोडा फरक पडतो. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल स्वतःपुरतं नाटक करतं, रिकामा पेला स्वतःच्याच तोंडाला लावतं. दीड वर्षाच्या पुढे ते बाहुलीला भरवू लागतं. दोनच्या पुढे गोष्टींची साखळी जुळते: आधी पातेलं, मग दूध, मग ढवळणं, मग बाहुलीला वाढणं. यांतल्या धाकट्या मुलांना वस्तू खऱ्यासारखी असली तर बरं पडतं. त्यांना खरीच छोटी वाटी आणि खराच लाकडी चमचा द्यावा. तीनच्या जवळ पोचलेलं मूल पुठ्ठ्याचा कुठलाही तुकडा झारा म्हणून चालवून घेतं. साडेतीन-चारच्या पुढे हातात काही नसलं तरी भागतं.

बॅटरीवर चालणाऱ्या शेगड्यांबद्दल माझी हरकत इथेच आहे. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि उकळल्याचा आवाज येतो. तो आवाज काढणं हे मुलाचं काम होतं. कुकरची शिट्टी तोंडाने काढायला मिळावी म्हणून तर मूल स्वयंपाक करायला बसतं.

कागदासारखा हलका, तरी इतका ताठ

आता पुठ्ठ्याकडे वळू. किराणा दुकानातून मिळणारं तपकिरी खोकं फाडून त्याची कड पाहिली तर तीन पदर दिसतात. वर-खाली दोन सपाट कागद आणि मध्ये लाटेसारखा दुमडलेला तिसरा. याला पन्हळी पुठ्ठा म्हणता येईल. बाजारात हा 'थ्री प्लाय'. जड सामानाच्या खोक्यांत लाटांचे दोन थर असतात, तो 'फाइव्ह प्लाय'. पन्हळी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये उंच टोप्यांच्या आतलं अस्तर म्हणून घेतलं गेलं. १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट जोन्स यांनी तोच कागद काचेच्या वस्तूंना गुंडाळायला वापरायचं पेटंट घेतलं. सपाट कागद चिकटवून खोकी करणं ही त्यानंतरची पायरी.

त्याचं बळ कशात आहे ते पाहायचं तर वहीचं एक पान घ्या आणि दोन पुस्तकांवर पुलासारखं आडवं टाका. रुपयाचं नाणंही ते पेलणार नाही. आता त्याच पानाला पंख्यासारख्या बारीक घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. नाण्यांची थप्पी बसते. कागद तोच, वजन तेच. बदलली ती फक्त उंची.

कुठलीही फळी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दबते. मधल्या भागाला फारसं काही सोसावं लागत नाही. म्हणून फळीचा ताठपणा ठरतो तो ताणल्या जाणाऱ्या आणि दबल्या जाणाऱ्या बाजू एकमेकींपासून किती लांब आहेत यावर. भरीव फळी दुप्पट जाड केली तर ती दुप्पट नव्हे, आठपट ताठ होते. पण कागद भरीव आणि जाड करायचा तर तो महाग आणि जड होणार. पन्हळी पुठ्ठ्याने यावर तोड काढली आहे. दोन कागद बाहेर ठेवायचे, त्यांना एकमेकांपासून ३-४ मिलिमीटर लांब धरायला मध्ये लाट घालायची, आणि उरलेली जागा हवेला द्यायची.

यातून करणाऱ्याच्या उपयोगाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली म्हणजे दिशा. पुठ्ठ्यातल्या लाटा एका दिशेने बारीक नळ्यांसारख्या धावतात. नळ्या उभ्या असतील तर पुठ्ठा खांबासारखा भार घेतो, आडव्या असतील तर चेपतो. बहुतेक खोक्यांच्या भिंतींत त्या उभ्याच असतात, कारण गोदामात खोक्यांवर खोकी रचायची असतात. म्हणून शेगडीसाठी खोकं आडवं पाडू नये, ज्या बाजूवर उभं राहायला ते बनलं आहे तसंच ठेवावं. पुठ्ठा नळ्यांच्या दिशेने सहज दुमडतो, आडवा दुमडताना मात्र वेडावाकडा मोडतो. तिथे आधी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने जोरात रेघ ओढावी, म्हणजे आतली लाट रेघेपुरती चेपते आणि घडी सरळ पडते.

दुसरी गोष्ट चिकटवण्याची. पुठ्ठ्याचे दोन तुकडे नुसते एकावर एक ठेवले तर वाकताना ते एकमेकांवरून घसरतात आणि ताठपणा जेमतेम दुप्पट होतो. तेच पूर्ण पृष्ठभागावर डिंक किंवा फेविकॉल लावून चिकटवले, वर रात्रभर वजन ठेवलं, तर घसरायला वाव राहत नाही आणि ते एका जाड फळीसारखे वागतात. चिकटवताना एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवल्या तर फळी कुठल्याच दिशेने सहज मोडत नाही. प्लायवुड करणारे लाकडाच्या पदरांबाबत हेच करतात.

तिसरी गोष्ट ओलीची. पुठ्ठ्याच्या ताकदीचा शत्रू पाणी आहे. ओलीने कागदाचे तंतू सैल पडतात. शिवाय लाट बहुधा स्टार्चच्या, म्हणजे पिठूळ, खळीने चिकटवलेली असते, तीही मऊ होते. कोकणातल्या आषाढात नुसत्या दमट हवेनेही खोकी बसतात. शेगडीचा तळ जमिनीला टेकू नये म्हणून खाली पातळ प्लास्टिकची चटई घालावी, आणि खेळात खरं पाणी द्यायचंच असेल तर तो खेळ शेगडीपासून दूर, मोरीत खेळावा.

शेगडी करायला घेऊ

खोकं निवडताना आधी वास घ्यावा. फिनाइल, कीटकनाशक, साबण यांची खोकी नकोत. बिस्किटांची किंवा वह्यांची चांगली. खोकी अनेकदा तारेच्या जाड पिना मारून जोडलेली असतात. त्या एकूण एक पकडीने उपटून काढाव्यात आणि त्या जागी पुठ्ठ्याची पट्टी चिकटवावी. तपकिरी चिकटपट्टीही सोलून टाकावी, कारण तिचं सुटलेलं टोक मुलाच्या हाताला लागलं की सोलायचा खेळ सुरू होतो आणि तुकडा तोंडात जातो.

उंची मुलाला उभं करून ठरवावी. जमिनीपासून त्याच्या कोपरापर्यंत मोजावं आणि शेगडीचा माथा त्याहून पाच-सात सेंटिमीटर खाली ठेवावा. दोन वर्षांच्या मुलासाठी हे माप बहुधा ४० ते ४५ सेंटिमीटर येतं. खोकं बुटकं असलं तर दोन खोकी एकावर एक चिकटवावीत.

आता माथा. मूल शेगडीवर दोन्ही हात टेकून सगळं वजन टाकणारच, कधी चढायलाही बघणार. म्हणून खोक्याच्या आत अधिकचिन्हाच्या आकाराचा आधार घालावा. खोक्याच्या उंचीचे पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्यायचे, एकाला वरून अर्ध्यापर्यंत आणि दुसऱ्याला खालून अर्ध्यापर्यंत खाच पाडायची आणि ते एकमेकांत अडकवायचे. बाटल्यांच्या खोक्यात असतात तसे कप्पे तयार होतात. नळ्या इथेही उभ्या हव्यात. पुढच्या भिंतीमागे बटणांसाठी जागा सोडावी. माथ्यावर दोन पदरांची आडवी-उभी चिकटवलेली फळी बसवावी. बर्नर म्हणून त्यावर पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, साधारण १४ सेंटिमीटर व्यासाच्या, घट्ट चिकटवाव्यात. वाटी उपडी ठेवून गोल काढला की झालं.

खरी कारागिरी बटणात आहे. ते फिरायला हवं, पण निघायला नको. त्यासाठी सहा सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या घेऊन तीन-तीन एकत्र चिकटवायच्या, एक जोड बाहेरचा आणि एक आतला. दोघांना जोडणारा दांडा कागदाचा करायचा. जाड मार्करवर कागदाची पट्टी फेविकॉल लावत गुंडाळत जायची. दोनेक सेंटिमीटर जाडीची, घट्ट नळी तयार झाली की मार्कर काढून घ्यायचा आणि नळी वाळू द्यायची. शेगडीच्या पुढच्या भिंतीला नळीपेक्षा किंचित मोठं भोक पाडायचं. बाहेरची चकती नळीच्या एका टोकाला चिकटवायची, नळी भोकातून आत घालायची आणि आतून दुसरी चकती चिकटवायची. दोन्ही चकत्या भोकापेक्षा मोठ्या, म्हणून बटण ओढून निघत नाही, आणि दांडा भोकापेक्षा लहान, म्हणून ते फिरत राहतं. भिंत आणि चकती यांच्यामध्ये गुळगुळीत पुठ्ठ्याची, मिठाईच्या खोक्याची चालेल, पातळ कडी घातली तर घर्षण कमी होतं. बाहेरच्या चकतीवर मधोमध पुठ्ठ्याची जाड आडवी पट्टी उभारायची. तिच्यामुळे लहानग्या बोटांना पकड मिळते, आणि शेगडी चालू आहे की बंद हेही दुरून कळतं.

हे जमलं तर एक पायरी पुढे जावं. आतल्या चकतीची कड करवतीच्या पात्यासारखी दातेरी कापायची आणि खोक्याच्या आत, तिच्यावर टेकेल अशी, ताठ पुठ्ठ्याची एक पट्टी चिकटवायची. बटण फिरलं की पट्टी एकेका दात्यावरून उडी मारते आणि 'कट कट कट' असा आवाज येतो. लायटरचं काम या आवाजाने भागतं. तो आवाज मुलाच्या हातातून निघतो, बटण हळू फिरवलं तर हळू येतो, भरभर फिरवलं तर भरभर. मूल हे लगेच ओळखतं आणि तासन्‌तास करून बघतं. बॅटरीच्या आवाजाशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

> चौकट: खळ घरची
>
> पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडा कोवळ्या हाताला कापतात आणि त्यांचे पदर सुटतात. त्यावर कोऱ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या खळीने दोन-तीन थर चिकटवाव्यात.
>
> एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा. चार वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात तो ओतावा आणि मंद आचेवर ढवळत राहावं. खळ पारदर्शक दिसू लागली की उतरवावी. बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या खेळण्याच्या खळीत ते अजिबात घालू नये.
>
> बिनऔषधाची खळ म्हणजे झुरळांना आणि कसरीला मेजवानी. म्हणून थर पातळ द्यावेत, प्रत्येक थर उन्हात कडक वाळवावा आणि पुढचा मगच लावावा. वर्तमानपत्राचा कागद आतल्या थराला चालेल. सगळ्यांत वरचा थर कोराच हवा, कारण तो चाटला जाणार आहे.

मोठं करावं की छोटं?

आपल्याकडची भातुकली चिमुकली असते. बोटभर उंचीचे पितळी तांबे, सुपारीएवढी चूल, इवलासा पाटा-वरवंटा. ती सुंदर आहे, पण ती चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलांची आहे. दोन वर्षांच्या मुलाला मापाची एक वेगळीच अडचण असते.

ज्युडी डिलोच, डेव्हिड उट्टल आणि कार्ल रोझेनग्रेन यांनी २००४ साली ती नोंदवली. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एका खोलीत मोठी खुर्ची, मोठी घसरगुंडी आणि आत बसायची मोटार यांच्याशी खेळू दिलं. मग मुलांना बाहेर नेऊन त्या वस्तूंच्या जागी अगदी तशाच दिसणाऱ्या, पण बाहुलीच्या मापाच्या वस्तू ठेवल्या. परत आलेल्या मुलांपैकी अनेकांनी त्या इवल्याशा खुर्चीवर बसायचा मनापासून प्रयत्न केला. मोटारीच्या दारात पाय घालायला गेली. गंमत म्हणून नव्हे, खरोखर. खुर्ची दिसली की 'बसायचं' हे मेंदूचा एक भाग ठरवतो, आणि ती केवढी आहे हे बघून त्याला आवरायचं काम दुसऱ्या भागाचं असतं. या वयात त्या दोघांचा मेळ नीट बसलेला नसतो.

म्हणून या वयासाठी वस्तू एक तर मुलाच्या खऱ्या मापाची करावी किंवा उघड उघड बाहुलीची. अधलंमधलं माप टाळावं. पुठ्ठ्याची खुर्ची वीतभर उंच केली की मूल तिच्यावर बसणार, ती मोडणार आणि मूल पडणार. खुर्ची करायचीच असेल तर आत कप्पे घालून मुलाचं वजन पेलणारी करावी. पुठ्ठ्याच्या कपाटाला दार केलं तर मूल आत शिरणार हे धरून चालावं. दाराला कडी नको, आणि हवेसाठी दोन बाजूंना मोठी भोकं हवीत.

तोंडात काय जाईल

तीन वर्षांखालची मुलं जग तोंडाने तपासतात, त्यामुळे सुट्या भागांचं माप महत्त्वाचं. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून विकायच्या खेळण्यांना भारतीय मानकाची सक्ती आहे. अशा मानकांत छोट्या भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. या वयाच्या मुलाच्या घशाचा अंदाज घेऊन ते ठरवलेलं आहे. जो भाग त्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात नको.

घरी केलेल्या खेळण्यांत सर्रास वापरली जाणारी एक वस्तू या कसोटीत नापास होते. पाण्याच्या नेहमीच्या बाटलीचं झाकण साधारण ३० मिलिमीटरचं असतं. बाटलीची मान कापून पुठ्ठ्यात बसवायची आणि वर झाकण फिरवून बटण करायचं, ही युक्ती दिसायला झकास आहे, पण झाकण फिरवत राहिलं की ते सुटून मुलाच्या हातात येतं आणि घशात अडकण्याच्या नेमक्या मापाचं असतं. म्हणून वर चकत्यांचं बटण सांगितलं. झाकणच वापरायचं तर बरणीचं, पाच सेंटिमीटरच्या वरचं. घरी चटकन तपासायला टिश्यूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी चांगली. तिच्यातून जे आरपार जाईल ते या वयाला देऊ नये. ही नळी मानकातल्या नळकांड्यापेक्षा थोडी रुंद असते, त्यामुळे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते.

मणी, डाळी, टाचण्या, चकाकीची पूड, लोहचुंबक आणि बटणाएवढ्या बॅटऱ्या यांना इथे जागा नाही. गिळलेली बॅटरी अन्ननलिका जाळते आणि त्याला काही तास पुरतात. गळ्यात अडकेल एवढी लांब सुतळीही लोंबती ठेवू नये. पुठ्ठ्याची कड चघळून लगदा झालेली दिसली की तेवढा भाग कापून नवी पट्टी चिकटवावी, आणि पाणी लागून मऊ पडलेली किंवा बुरशीचा वास येणारी शेगडी निमूटपणे रद्दीत द्यावी.

मूल हुशार होतं का?

हा प्रश्न हल्ली हमखास विचारला जातो, आणि खेळणी विकणारे त्याचं उत्तर ठासून 'हो' असं देतात. अँजेलिन लिलर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरच्या जुन्या-नव्या संशोधनाची कसून छाननी केली. लुटुपुटूच्या खेळामुळेच बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. भाषेच्या, गोष्ट रचण्याच्या बाबतीत मदत होत असावी, पण ती करणाऱ्या अनेक वाटांपैकी ही एक, इतकंच त्यांना म्हणता आलं. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींना तर काल्पनिक खेळाचं फारसं कौतुक नव्हतं. मुलांना खरी कामं खऱ्या वस्तूंनी करू द्यावीत, असं त्यांचं मत होतं. तेच तत्त्व आपल्याकडे आणताना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला महागड्या साहित्याऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या.

खरी कामं आणि लुटुपुटूचा खेळ यांत मला भांडण दिसत नाही. दोन वर्षांच्या मुलाला खऱ्या मटारच्या शेंगा सोलू द्याव्यात आणि ते दाणे पुठ्ठ्याच्या शेगडीवर 'शिजवू'ही द्यावेत, फक्त आपण शेजारी बसलेले असावं, कारण दाणाही त्या नळकांड्यात मावतो. पण शेगडीला अभ्यासाचं साधन करू नये. 'बाळा, किती वाट्या? हा कुठला रंग?' असे प्रश्न सुरू झाले की खोटी वही मिटते आणि परीक्षेची उघडते. त्याऐवजी 'मला साखर कमी' म्हणावं. मूल त्या नसलेल्या साखरेचा हिशेब स्वतः करतं.

शेगडी महिना-दोन महिने टिकते. पुढे मुलाला तिच्यात बसून बस चालवायची असेल तर आतले कप्पे आणि दातेरी पट्टी काढावी, तळ वर करून खोकं उलटं ठेवावं आणि एक बटण चालकासमोर बसवून घ्यावं. तीनच्या पुढे गेलेल्या मुलाला मात्र तयार वस्तू देणं कमी करावं. रेघ ओढायला जाड खडू आणि कोरं खोकं पुढ्यात ठेवावं, आणि कटर आपल्या हातात घेऊन ते सांगेल तिथे कापावं.